स्वतःचे गुण ओळखायला किती खर्च येतो?

मुलाचा कल कशात आहे हे पाहून देण्यासाठी शहरातली समुपदेशन केंद्रं काही हजार रुपये घेतात. दोन-तीन तास प्रश्न सोडवायचे, मग रंगीत आलेखांचा अहवाल हातात पडतो. राज्य मंडळाने २०१६पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली, ती फुकट होती. या चाचण्या निरुपयोगी नाहीत. आवड कुठे आहे याचा अंदाज त्या देतात. पण आवड वेगळी आणि गुण वेगळा. ‘मला रुग्णसेवा आवडेल’ असं लिहिणारी मुलगी रात्री दोन वाजता ओकाऱ्या काढणाऱ्या पेशंटजवळ शांतपणे बसू शकेल का, हे कागदावर कळत नाही. त्यासाठी कामाची खरीच गरज आहे अशा ठिकाणी जाऊन, जाणत्या माणसाच्या नजरेखाली काम करावं लागतं.

अशी ठिकाणं चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत भरपूर आहेत. वरोऱ्याचं आनंदवन, मूल तालुक्यातलं सोमनाथ, भामरागड तालुक्यातलं हेमलकसा, धानोरा रस्त्यावरचं शोधग्राम, कुरखेड्याची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था, लेखा-मेंढा गावाची ग्रामसभा. अर्ध्या शतकाहून अधिक काळ महाराष्ट्रातले तरुण इथे येतात, राबतात आणि आपल्याला काय जमतं हे थोडंफार कळून परत जातात. त्याला नेमका काय खर्च येतो, तो कुठे वाचवावा आणि कुठे वाचवू नये, ते पाहू.

आधी प्रवास. जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतर एसटीच्या साध्या गाडीचा दर सहा किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे झाला. हा आकडा लक्षात ठेवला की कुठल्याही गावाचं भाडं घरबसल्या काढता येतं. नागपूर ते गडचिरोली साधारण १७५ किलोमीटर, म्हणजे ३०० रुपयांच्या आसपास. गडचिरोलीहून आलापल्लीमार्गे भामरागडपर्यंत जवळपास तेवढंच अंतर, म्हणजे आणखी ३००. नागपूरहून मूलपर्यंत २६०-२७०. मार्च २०२३पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे मुलींनी या आकड्यांचे निम्मे धरावेत. पुण्या-मुंबईहून नागपूरपर्यंत रेल्वेचं स्लीपर तिकीट एका बाजूला पाचशेच्या आसपास पडतं, पण मे महिन्यात जायचं तर आरक्षण लवकर करा. वरोरा नागपूर–बल्लारशा रेल्वेमार्गावर आहे आणि आनंदवन स्टेशनापासून जवळ. गडचिरोली शहरासाठी सर्वांत जवळचं स्टेशन वडसा, म्हणजेच देसाईगंज. मूलला मूल-मारोडा स्टेशन आहे, पण त्या मार्गावर गाड्या कमी, म्हणून एसटीच बरी.

सामानावर फार खर्च करू नका. मच्छरदाणी, टॉर्च, टोपी किंवा दुपट्टा, दोन लिटरची पाण्याची बाटली, पायात घट्ट बसणारे साधे बूट. सगळं नवं घेतलं तरी दीड-दोन हजारांत बसतं. महागडी ट्रेकिंगची पाठपिशवी लागत नाही. मच्छरदाणी मात्र टाळू नका. गडचिरोलीत मलेरियाचं ओझं मोठं आहे आणि पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत धोका वाढतो. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘गडचिरोलीत होतो’ हे आपणहून सांगा. मलेरियाची रक्ततपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. धनुर्वाताचं इंजेक्शनही निघण्यापूर्वी तिथेच घ्या. भामरागड, एटापल्लीकडे जाताना रोख पैसे जवळ ठेवा, कारण मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होऊ शकतो. त्या दिवसांत जाणार असाल तर परतीची तारीख मोकळी ठेवा.

आता पुण्याच्या एखाद्या मुलाचा सोमनाथच्या शिबिराचा हिशेब मांडू. बाबा आमटे यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली ही श्रमसंस्कार छावणी मे महिन्याच्या मध्यावर आठवडाभर भरते. सकाळी श्रमदान, मग चर्चा, भेटी, गाणी. रेल्वेचे येण्या-जाण्याचे हजार, एसटीचे सव्वापाचशे, मूलपासून पुढे जायला-यायला दोनशे, वाटेतलं खाणंपिणं पाचशे, सामान दीड हजार. एकूण पावणेचार हजार. मुलीसाठी साडेतीन हजारांच्या आत. यात त्या वर्षी जाहीर होणारं शिबिरशुल्क मिळवायचं. नोंदणी करताना त्या शुल्कात राहणं-जेवण धरलं आहे का, हे विचारून घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा कुठे गेलात तर सामानाचे दीड हजार वाचतात.

पण हा खरा खर्च नव्हे. खरा खर्च बुडालेल्या मजुरीचा किंवा पगाराचा असतो, आणि तो कोणी मोजत नाही. महिना तीस हजार मिळवणारा मुलगा आठ दिवस बिनपगारी रजा घेतो, तेव्हा त्याचे आठ हजार जातात. प्रवास आणि सामान मिळून झालेल्या खर्चाच्या दुप्पट. म्हणून शिल्लक भरपगारी रजा यासाठी राखून ठेवा. विद्यार्थ्याचं तसं काही बुडत नाही, म्हणून शिक्षण चालू असतानाच जाणं सर्वांत स्वस्त.

गडचिरोलीतल्याच मुलांचं गणित मात्र वेगळं आहे, आणि या विषयावर लिहिणारे बहुतेक जण त्यांना विसरतात. धानोरा, कोरची, एटापल्लीतल्या कुटुंबासाठी मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात जायचं, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. दोन-तीन आठवड्यांत घरात मोठी रोकड येते. त्या दिवसांत घरातले कामाचे दोन हात शिबिराला पाठवणं या घराला परवडत नाही. २०२५-२६मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबानेही आठ दिवसांचे अडीच हजार होतात आणि तेंदूच्या हंगामात याहून जास्त बुडू शकतं. स्थानिक मुलांना माझं सांगणं असं की मे महिन्यात कुठेही जाऊ नका. तेंदूची फळी हीच तुमची कार्यशाळा आहे. पेसा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा यांमुळे आता कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. पुड्यांचा हिशेब ठेवणारा फळी मुन्शी, ठेकेदाराशी बोलणी करणारा, बँकेत पैसे आले का हे पाहणारा, वाटणीवरून भांडण झालं तर मिटवणारा, ही सगळी माणसं गावालाच लागतात. बारावी झालेल्या मुलीने एक हंगाम ग्रामसभेचा हिशेब चोख ठेवला, तर तिला स्वतःविषयी जे कळेल ते कुठलीही चाचणी सांगणार नाही. शिवाय त्या हंगामाचे पैसेही घरात येतील.

लेखा-मेंढ्याचं उदाहरण यासाठीच पाहावं. ऑगस्ट २००९मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर बांबू मोजणं, निविदा काढणं, मजुरी वाटणं, करभरणा ही कामं गावातल्याच माणसांनी शिकून घेतली. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण अभ्यासगटांत बसून कायदा समजून घेणाऱ्या, सर्वसहमती होईपर्यंत सभा न सोडणाऱ्या साध्या गावकऱ्यांना आपल्यात काय काय आहे हे याच कामात कळलं. मेंढ्याला जायचं असेल तर आधी ग्रामसभेची परवानगी घ्या. आणि तिथे गावाला शिकवायला जायचं नसतं, शिकायला जायचं असतं.

शोधग्रामची हकिगत जरा विस्ताराने सांगायला हवी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली; शोधग्राम हा तिचाच परिसर. नवजात बाळं फार मरत होती आणि बाळंतपणं घरीच होत होती. रुग्णालय दूर, डॉक्टर नाहीत. १९९५पासून त्यांनी ३९ गावांत प्रत्येकी एका बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बहुतेकींचं शिक्षण पाचवी ते दहावी. या बायकांनी बाळाचं वजन करणं, ऊब राखणं, श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणं, श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी-मुखवट्याने श्वास देणं आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देणं हे सगळं शिकून घेतलं. डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले, त्यानुसार नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली.

या बायकांना कोणी आधी विचारलं असतं की तुमचं बलस्थान काय, तर काय उत्तर आलं असतं? धान रोवते, मोहफुलं वेचते, पोरं सांभाळते. नाजूक बोटांनी दोन किलोच्या बाळाला सुई टोचण्याइतका हात स्थिर आहे, सगळं घर रडत असताना डोकं शांत राहतं, रात्री दार वाजलं की लगेच उठता येतं, हे गुण त्यांच्यात होतेच. ते दिसण्यासाठी तीन गोष्टी जुळून आल्या. कामाची खरी गरज होती, शिकवणारा माणूस शेजारी होता आणि परिणाम मोजला जात होता. कुठल्याही शिबिरासाठी किंवा इंटर्नशिपसाठी पैसे भरण्यापूर्वी हीच कसोटी लावा. यातली एकही गोष्ट नसेल तर ते सहल म्हणून ठीक आहे, गुण ओळखण्यासाठी नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबाच्या मचाणावर बसण्याचा अनुभव सुंदर असतो, त्यासाठी शुल्कही द्यावं लागतं. पण त्या रात्री तुमच्यावर काहीच अवलंबून नसतं.

‘सर्च’चाच ‘निर्माण’ हा उपक्रम २००६पासून चालू आहे. विशीतल्या तरुणांनी आयुष्य कशासाठी जगायचं हे ठरवावं, यासाठी शोधग्रामात शिबिरांची मालिका असते आणि निवड सविस्तर लेखी अर्ज व मुलाखतीतून होते. निवड झाली नाही तरी तो अर्ज मनापासून भरा. आपण आजवर नेमकं काय केलं, ते एका जागी लिहायला बसणं हाच मोठा फायदा आहे आणि तो फुकट मिळतो. ‘निर्माण’च्या प्रेरणेने अनेक तरुण डॉक्टरांनी एमबीबीएसनंतरची सेवा गडचिरोलीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत केली. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष सेवा द्यावी लागते. अनेक वर्षं १० लाख रुपये भरून ती टाळता येत असे आणि कित्येकांनी ते भरलेही. पगार घेऊन मिळणारं शिक्षण टाळण्यासाठी दहा लाख देणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

हेमलकसाबद्दल एक सावधगिरीची सूचना. २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यासोबत आलेले आणि नंतर येत गेलेले कार्यकर्ते सगळेच डॉक्टर नव्हते. विलास मनोहर पुण्यातला व्यवसाय सोडून आले. ते तिथे पडेल ते काम करू लागले, वन्यप्राण्यांमध्ये रमले आणि पुढे ‘नेगल’ व ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ लिहून मराठीतले लेखक झाले. लेखक व्हायचं म्हणून ते जंगलात गेले नव्हते. पण हे वाचून कोणी चार दिवसांत आपल्यातला लेखक सापडेल म्हणून निघू नये. विलास मनोहर राहिले ते वर्षानुवर्षं. चार दिवसांचा पाहुणा तिथल्या दवाखान्याला मदत करण्याऐवजी कामाचा भार वाढवतो. किमान किती दिवस राहिलं तर तुमचा उपयोग होईल, हे संस्थेलाच विचारा आणि तेवढे दिवस नसतील तर देणगी पाठवून थांबा.

किती दिवस लागतात? माझं मत असं. आठवड्यात आपल्याला काय झेपत नाही ते कळतं. ऊन, अंधार, सामायिक संडास, चव नसलेलं जेवण, रोज तेच काम यांपैकी नेमकं काय खटकतं ते उघडं पडतं. ही माहितीही मोलाची आहे. महिनाभरात कशात मन लागतं ते दिसतं. आणि गुण म्हणावा असा गुण किमान सहा महिने-वर्षाशिवाय पक्का ठरत नाही, कारण सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर जे उरतं तेच आपलं. एवढा काळ बिनपैशाने राहणं सामान्य घराला शक्य नसतं, म्हणून मानधनाच्या वाटा शोधा. २०२४मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आलं. प्रशिक्षण सुरुवातीला सहा महिन्यांचं होतं, नंतर अकरा महिन्यांचं केलं गेलं. सध्या कुठे जागा आहेत ते चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन विचारा. ‘निर्माण’ची ‘कर के देखो’ फेलोशिपही अशाच कामासाठी आहे.

तिथे गेल्यावर स्वतःकडे पाहायचं कसं, याचा खर्च एका वहीचा. रोज रात्री लांबलचक मनोगत लिहू नका. त्या दिवशी कोणतं काम केलं, कोणी सांगितलं आणि दुसऱ्यांदा त्याच कामाला कोणी बोलावलं का, एवढंच लिहा. हे शेवटचं महत्त्वाचं. चौथ्या-पाचव्या दिवशी लोक आपोआप तुमच्याकडे काही ठराविक गोष्टी घेऊन यायला लागतात. कोणी पंप बिघडला की हाक मारतं, कोणी रडणाऱ्या मुलाला तुमच्याकडे देतं, कोणी वाद झाला की ‘तुम्ही सांगा’ म्हणतं. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही, कारण ते सहज जमतं. म्हणूनच ते लिहून ठेवायचं. इथल्या माडिया भाषेतले पाच-पंचवीस शब्द आठवड्यात तोंडी बसले आणि म्हातारी माणसं तुमच्याशी बोलू लागली, तर तो मोठा गुण आहे. रांगेतले साठ पेशंट न ओरडता सांभाळले, हाही. त्याबरोबर कोणत्या कामानंतर थकवा नव्हे तर वैताग आला, हेही लिहा. ज्यात शाबासकी मिळते पण आतून वैताग येतो, असं काम पुढे पोटापाण्यासाठी निवडू नये.

फसवणुकीपासून सावध राहा. ‘आदिवासींसोबत आठवडा’ अशा नावाने हजारो रुपये घेणारे दलाल असतात. पैसे कोणाच्या खात्यात जाणार, नोंदणीकृत संस्थेची पावती मिळणार का आणि त्या गावाने संमती दिली आहे का, हे विचारा. प्रमाणपत्रासाठी वेगळं शुल्क मागितलं तर तिथेच थांबा. माणसांचे, विशेषतः पेशंटचे आणि मुलांचे फोटो काढू नका. आणि तुमच्या येण्याचा खर्च यजमानही सोसतात हे लक्षात ठेवा. आश्रमशाळेतला शिक्षक किंवा दवाखान्यातली सिस्टर तुम्हाला काम समजावते, तो वेळ तिच्या कामातला असतो. आपलं ताट आपण धुणं, दिलेली वेळ पाळणं आणि मधेच निघून न जाणं, एवढी परतफेड कोणालाही परवडते.

पालकांसाठी एक शब्द. मूल परत आल्यावर ‘काय मिळालं?’ असं लगेच विचारू नका. वही पाहू देशील का, असं विचारा आणि त्यात कोणत्या कामाचं नाव पुन्हापुन्हा येतं ते दोघं मिळून शोधा.

आणि जाणाऱ्यांनी परतीचं तिकीट एक दिवस उशिराचं काढावं. शेवटच्या दिवशी सगळे गाडी पकडायच्या घाईत असतात. तुमचं काम रोज पाहणाऱ्या माणसाशी दहा मिनिटं बसून ‘माझं कोणतं काम चांगलं झालं आणि कोणतं मला पुन्हा देणार नाही?’ असं विचारायला तेव्हा वेळच उरत नाही. हे उत्तर घेतल्याशिवाय तिथून निघू नका.